खाजाभाईंनी मंजूर केलेला राजीनामा

राजीनामा देणं सोपं असतं, असा माझा समज होता. बाजार समितीच्या कार्यालयात हेडक्लार्क म्हणून आयुष्य गेलं. त्या काळात दुसऱ्यांचे राजीनामे मी पुष्कळ पाहिले, त्यांच्यावर आवकचे शिक्के मारले, एकदोघांच्या भाषेतल्या चुकाही दुरुस्त करून दिल्या. स्वतःचा द्यायची वेळ मात्र निवृत्तीनंतर आली, आणि तीही अशा संस्थेतून, जिच्याकडं इमारत नव्हती, काम नव्हतं आणि बसायला धड बाकडंही नव्हतं.

संस्थेचं नाव 'सायंकाळ मंडळ, मुरुम'. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकासमोर कडुनिंब आहे. त्याखाली आम्ही चारसहा रिकामी माणसं रोज संध्याकाळी बसायचो, एवढंच ते मंडळ. पण आमचे शेजारी महालिंगप्पा डाळमिलवाले एकदा म्हणाले, "अण्णा, नोंदणी करून टाका की. नोंदणी असली की सरकारकडनं बाकडी मिळत्यात." नोंदणी झाली. बाकडी अजून यायची आहेत. पण नोंदणीमुळं पदं तयार झाली, पदांमुळं मान तयार झाला, आणि जिथं मान असतो तिथं अपमानाला जागा शोधत फिरावं लागत नाही. महालिंगप्पा खजिनदार झाले, मी चिटणीस झालो आणि समोरच्या घरातले खाजाभाई अध्यक्ष झाले.

खाजाभाई उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांचे वडील निजामाच्या अमलात कोर्टात लेखनिक होते, त्यामुळं घरात भाषेचा धाक. माणूस सोन्यासारखा, पण एक खोड होती. तुम्ही कुठलाही शब्द उच्चारा, ते बोट वर करून त्याचं कूळ सांगायचे. मंडळाची पदं ठरली त्या दिवशीच म्हणाले, "चिटणीसमधला 'नीस' आमचा. खजिनदार तर सगळाच आमचा. अध्यक्ष तेवढा तुमचा, म्हणून तो मी घेतला."

आमच्या घरात कन्नड. मीही सोडत नसे. "तूप आमचं, खाजाभाई. अडकित्ता आमचा."

"मग मराठीचं सवताचं काय ऱ्हायलं?" महालिंगप्पा विचारायचे.

"भांडण," खाजाभाई म्हणायचे, आणि आम्ही तिघंही हसायचो.

तर मंडळाच्या वार्षिक संमेलनात हेच भांडण माझ्या वाट्याला आलं. उमरग्याहून एक निवृत्त बँक मॅनेजर पाहुणे म्हणून आणले होते. प्रास्ताविक माझं. ते मी आरशासमोर उभं राहून पाठ केलं होतं. त्यात एक वाक्य असं होतं, की आमचे अध्यक्ष अतिशय गरीब स्वभावाचे आहेत. आता यात वाईट काय आहे? गाय गरीब असते, माणूस गरीब असतो. पण खाजाभाई मध्येच माइकसमोर आले आणि बोट वर केलं.

"गरीब हा शब्द अरबी. अरबीत गरीब म्हणजे परका, परगावचा माणूस. माझ्या सात पिढ्या याच मातीत आहेत, आणि चिटणीससाहेबांनी मला एका वाक्यात गावाबाहेर काढलं!"

सभा हसली. हसू द्या. पण पाहुणे सर्वांत जास्त हसले, आणि त्यांच्या भाषणात तो विनोद त्यांनी परत वापरला, तोही स्वतःचा असल्यासारखा. महालिंगप्पांच्या नाकातून चहा आला. माझं प्रास्ताविक अर्ध्यावर होतं, ते कुणी पुढं ऐकलंच नाही.

"अहो, लोक हसले तर तुम्हीपण हसायचं," घरी आल्यावर आमची महेश्वरी म्हणाली.

"मी चिटणीस आहे."

"न आलेल्या बाकड्यांचे," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

मी राजीनामा लिहायला बसलो. वर मध्यभागी मोठ्या अक्षरात 'राजीनामा' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. मजकुरात स्वाभिमान हा शब्द तीनदा आला होता, तो कमी करून दोनदा ठेवला. मग वाट पाहिली. आपल्याकडं अशी रीत आहे, की माणूस राजीनामा देणार अशी कुणकुण लागली की चार लोक घरी येतात, चहा पितात आणि म्हणतात, असं करू नका, तुमच्याशिवाय कसं होणार. मी कुणकुण सगळीकडं पोचवली होती. कुणीही आलं नाही.

आले ते महालिंगप्पा, सल्ला घेऊन. "हातात देऊ नगा, अण्णा. हातात दिला की ते बसा म्हंत्यात, चहा पाजत्यात, आन् राजीनामा ऱ्हातो खिशात. रजिस्टर पोस्टानं पाठवा. सही घेतल्याबिगर देतच न्हाईत ते."

खाजाभाईंचं घर माझ्या दारासमोर. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतात. त्यांची तिसरी शिट्टी झाली की महेश्वरी आपली डाळ उतरवते. त्या घरात पत्र टाकायला मी पोस्टात जाऊन रांगेत उभा राहिलो. पोस्टमास्तरांनी पत्ता वाचला, माझ्याकडं पाहिलं, परत पत्ता वाचला, पण सभ्य माणूस, पावती फाडून दिली.

तेवढ्यात रामकिसन तलाठ्यांनी, म्हणजे निवृत्त तलाठ्यांनी, मला रस्त्यात धरलं. "नुसता राजीनामा देऊन मोकळं होता येत नाही. जिल्ह्याला नोंद लागते. नाहीतर उद्या त्या बाकड्यांवर कुणी पडलं तर चिटणीस म्हणून तुम्हाला धरतील." बाकडी नाहीत तर पडणार कसं, हे मी विचारलं नाही. सल्ल्याला प्रश्न विचारले की त्याला पिल्लं होतात.

गेलो जिल्ह्याला. पाटीवर धाराशिव, कंडक्टरच्या तोंडात उस्मानाबाद, मी दोन्हीला मान हलवली. गाडी नळदुर्गच्या पुढं एका ढाब्यासमोर बंद पडली. ट्रक जात होते, धूळ बसत होती आणि मी फाईल छातीशी धरून स्वाभिमान सांभाळत उभा होतो. नोंदणीच्या कार्यालयात पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी संपत आली होती.

तिथल्या बाईंनी राजीनाम्याची प्रत शांतपणे वाचली. "अध्यक्षांची मंजुरी कुठं आहे?"

"त्यांच्यावर रागावूनच दिलाय हो."

"काका, रागाला आमच्याकडं रकाना नाही. मंजुरी आणा. मंजुरीशिवाय राजीनामा म्हणजे तुमची इच्छा. इच्छेची नोंद होत नाही."

परत येताना मी पूर्ण वाट खाजाभाईंशी मनात भांडत आलो. काय काय बोलायचं ते ठरवलं. प्रत्येक वाक्य तपासून घेतलं, त्यात त्यांचा एकही शब्द येऊ द्यायचा नाही, अशी शपथ घेतली. आणि दर वाक्यात एक तरी येतच होता.

गल्लीत शिरलो तर समोरच्या दाराला कुलूप. महेश्वरी ओट्यावर बसलेली. मला बघून उठली नाही.

"खाजाभाईंना सोलापूरला नेलं," ती म्हणाली. "सकाळी चहा पिताना कप हातातून पडला. उजवी बाजू गेली म्हणतात. लकवा."

मी फाईल तशीच धरून उभा राहिलो. काय करायचं ते सुचेना, म्हणून हात-पाय धुतले. संध्याकाळी महेश्वरीची डाळ करपली. शिट्टीची वाट बघत राहिली होती ती.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टात धावलो. पत्र परत घ्यायचं होतं. पोस्टमास्तर म्हणाले, "कालच दिलं की. कुलूप लावता लावता त्यांच्या लेकीनं सही केली."

मग आठवडाभर मी लपून राहिलो, दुसरा शब्द नाही. आजारी माणसाच्या उशाशी आपला राजीनामा पडलेला आहे, स्वाभिमानासकट, ही कल्पनाच सहन होत नव्हती. महालिंगप्पा भेटले की म्हणायचे, "आता उपाध्यक्षाकडनं मंजूर करून घ्या, नियम हाय तसा." आम्हाला उपाध्यक्ष नव्हता, हे देवाचे उपकार.

खाजाभाईंची लेक तबस्सुम मराठी शाळेत शिक्षिका आहे. एका दुपारी ती कपडे न्यायला गावात आली तशी आमच्याकडंही आली. महेश्वरीनं दिलेलं पाणी तिनं हातातच धरलं.

"काका, अब्बांची मराठी गेली," ती म्हणाली.

"गेली म्हणजे?"

"बोलणं बंद झालं होतं. आता हळूहळू परत येतंय, पण नुसतं घरचं बोलणं. लहानपणचं. डॉक्टर मराठीत विचारतात तर अब्बा माझ्याकडं बघतात. मराठी पेपर दिला तर म्हणाले, ये चिट्यां कायकू दिखा रे. मुंग्या वाटतात त्यांना अक्षरं."

महेश्वरीनं पदर तोंडाला लावला. ज्या माणसानं आयुष्यभर आमच्या प्रत्येक शब्दाचं कूळ काढलं, त्याच्या डोक्यातून ते सगळं गावच उठून गेलं होतं.

"आणि तुमचं पत्र..." तबस्सुम म्हणाली.

"ते फाडून टाक, बाळ."

"मी वाचणार नव्हते. पण त्यांनी पाकीट बघितलं, खुणेनं विचारलं. मी म्हटलं उमाशंकर काकांचं आहे. वाच म्हणाले. मी वरचा एकच शब्द वाचला. राजीनामा. आणि काका, अब्बा रडायला लागले. हसायला पण लागले. म्हणाले, उमाशंकर लिखे? राजीनामा? कबूल है बोलो उनकू."

मला काही कळेना. माझ्या जाण्यानं इतका आनंद?

"आमच्या भाषेत राजीनामा म्हणजे सोडून जाणं नव्हे," ती म्हणाली. "कोर्टात दोन भांडणारे राजी होतात, आपसात मिटवतात, त्याचा जो कागद करतात तो राजीनामा. आजोबा कोर्टात तेच लिहायचे. अब्बांच्या लहानपणी घरात तोच अर्थ. मराठी गेली तसा तुमचा अर्थ गेला, काका. त्यांना वाटतंय, तुम्ही मिटवायला कागद पाठवला."

तिनं पर्समधून पत्र काढलं. माझ्या दुसऱ्या स्वाभिमानाच्या खाली, डाव्या हातानं, उजवीकडून डावीकडं, थरथरत केलेली उर्दू सही होती. जिल्ह्याच्या बाईंनी मागितली होती ती मंजुरी.

"मी खालचं वाचून दाखवलं नाही," तबस्सुम म्हणाली. "विचारतात, तो कब आते? कागद दिले तो आना पडता."

सोलापूरच्या त्या दवाखान्यात मी गेलो तेव्हा हातात मोसंब्यांची पिशवी होती आणि तोंडात एकही वाक्य नव्हतं. खाजाभाई खाटेवर टेकून बसले होते. चेहऱ्याची एक बाजू उतरलेली. मला बघताच डावा हात पुढं केला. उशाशी बसलेल्या त्यांच्या पत्नी, खैरुनबी भाभी, उठून बाजूला झाल्या.

"कसं आहे?" मी म्हणालो. ते नुसते बघत राहिले, प्रेमानं, आणि काहीही न कळता. चाळीस वर्षं आम्ही मराठीतच बोललो होतो. समोरासमोर राहून मला त्यांची बोली चार वाक्यांपलीकडं येत नव्हती. ती चार वाक्यंही भाजीवाल्याशी घासाघीस करायची.

"शर्तां क्या लिखे?" खाजाभाईंनी विचारलं. सावकाश, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं.

राजीनामा म्हटला की अटी आल्या. त्या माझ्याजवळ नव्हत्या. शेजारच्या खाटेवरचा पेशंट मान वळवून ऐकू लागला. त्याचे नातेवाईकही सरकले. मी हेडक्लार्कच्या आवाजात सुरुवात केली, "शर्त एक. रोज शाम को निंब के नीचे बैठना."

"कबूल."

"शर्त दोन. दवा टाइम पर लेना."

त्यांनी भाभींकडं तक्रारीनं पाहिलं. "कबूल."

"शर्त तीन. मेरा शब्द... मेरा लफ्ज... मेरी चूक नहीं निकालना."

खाजाभाईंनी डोळे मिटले. वाटलं, दमले. मग डावं बोट वर केलं. "ये शर्त नामंजूर."

शेजारचा पेशंट हसला. भाभी हसल्या. मीही हसलो, आणि मग दाराबाहेर जाऊन खिडकीजवळ उभा राहिलो, कारण माझा चेहरा हसण्याच्या कामाचा राहिला नव्हता.

तो मंजूर राजीनामा मी जिल्ह्याला पाठवला नाही. तिथं तो मराठीत वाचला असता.

खाजाभाई घरी आले. लिंबाखाली येणं जमत नव्हतं, म्हणून मंडळच त्यांच्या खाटेभोवती भरू लागलं. आणि तिथं एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी 'पाऊस' म्हटलं की खाजाभाई कोरे. पण 'हवा' म्हटलं की मान हलायची. 'खिडकी' कळायची नाही असं वाटलं होतं, ती कळली. 'दरवाजा' कळला, 'चष्मा' कळला, 'बाजार' कळला. जे जे शब्द ते इतकी वर्षं आमचे म्हणून बोट दाखवायचे, ते सगळे तसेच जागेवर होते. मराठीत ते राहायला आले होते, आणि आता तेच आम्हाला आत घेत होते.

मग मी तयारी करूनच जायला लागलो. दुपारी झोपायच्या वेळी बसून वाक्यं जुळवायचो, फक्त त्यांच्या शब्दांची. "खाजाभाई, आज हवा साफ. बाजार गरम. रामकिसन गैरहजर, तब्येत नरम." ते ऐकून खाजाभाई प्रत्येक शब्दाला बोट वर करायचे. "हमारा. हमारा. हमारा."

"तुमचाच," मी म्हणायचो. "सगळे तुमचेच."

अडचण क्रियापदांची होती. नावं त्यांची पुष्कळ, क्रियापदं बहुतेक आमची. त्यामुळं वाक्य पुढं सरकायचं नाही. मग क्रियापद हातानं करायचं. तूर विकली जाते, हे दाखवताना माझा हात भाभींच्या फडताळाला लागला आणि एक बरणी फुटली. महालिंगप्पा एकदा विसरून कन्नडमध्ये ओरडले, "ऊटा आयता?" जेवण झालं का, हे तर बाजारातलं रोजचं. खाजाभाई ताबडतोब म्हणाले, "आयतु." महालिंगप्पांनी त्या दिवशी गावभर सांगितलं की खाजाभाईंचं कन्नड माझ्या मराठीपेक्षा पक्कं आहे. मला राग आला. बऱ्याच दिवसांनी आलेला तो राग मला बरा वाटला.

पण ते उतरत चालले होते. आम्हाला दिसत होतं. बोट वर जायचं ते चादरीवरच हलू लागलं. 'हमारा' म्हणायला श्वास पुरेना.

मी निघताना दारात उभा राहून 'येतो' म्हणायचो. आपल्यात 'जातो' कुणी म्हणत नाही. त्यावर भाभी आतून म्हणायच्या, "या." हा रोजचा शिरस्ता. त्या दिवशी भाभी मागच्या दारी होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही. मी चप्पल घालून म्हणालो, "येतो, खाजाभाई."

आणि खाटेवरून आवाज आला, "या."

मी वळलो. ते माझ्याकडंच बघत होते. "काय म्हणालात?" मी विचारलं. त्यांनी अर्ध्या चेहऱ्यानं हसून डोळे मिटले. मी घरी येऊन महेश्वरीला सांगितलं, की त्यांची मराठी परत येतेय, पहिला शब्द आला, आणि तो त्यांचा नाही, आपला आहे. उद्या तबस्सुमला सांगू म्हणालो.

सकाळी खाजाभाई गेले.

दफन करून आल्यावर आम्ही लिंबाखाली बसलो. मी तो 'या' सांगितला. सांगायला नको होता. खाजाभाईंचा मुलगा फारुख पुण्याहून आला होता, तो म्हणाला, "काका, अब्बा 'या अल्लाह' म्हणत असतील. तेवढंच निघालं असेल." तबस्सुम नंतर म्हणाली, आमच्यात 'या' म्हणजे किंवा, काहीतरी विचारायचं असेल, पाणी या चाय, पुढचं राहून गेलं. महालिंगप्पांनीही मान हलवली. "आपल्या कन्नडात 'या' म्हंजे कोणता. या ऊरु? कुठलं गाव? तसं इचारलं असंल." सगळे बरोबर होते. एवढ्याशा शब्दाला इतके दावेदार. मी भांडलो नाही. ज्या बोटानं निकाल दिला असता, ते आता वर जाणार नव्हतं.

"शोकसभेचा ठराव लिहाया पायजे," महालिंगप्पा म्हणाले. मग आठवण झाल्यासारखं, "पण तुमचा राजीनामा मंजूर हाय की, अण्णा."

"मंजूर आहे म्हणूनच मी लिहिणार," मी म्हणालो. त्यांना ते कळलं नाही.

काही दिवसांनी मी समोरच्या घरी गेलो. भाभी इद्दतमध्ये, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायच्या मुदतीत, म्हणून पडद्याआड बसून बोलत होत्या. मी त्यांनाही विचारलं.

"भाईसाब, इस घर में 'या' मैं बोलती थी. उनो कब्बी नै बोले," त्या म्हणाल्या. "तुमी निगले की ते उठून संगट यायचे. कोपऱ्यापर्यंत. समोरच्या घरात जायचं तरी कोपऱ्यापर्यंत जाऊन, उभं राहून, बोलून मग तुमी दोघं परत यायचे. मैं हसती थी. पोचवाया येणारा मानूस 'या' कायकू म्हनल?" पडदा हलला. "त्या दिवशी उठता नै आलं. म्हनून बोलले. तुमकूच बोले."

मी उठलो, दारात चप्पल घातली आणि म्हणालो, "येतो, भाभी."

"या," त्या आतून म्हणाल्या.

घर समोरच होतं. मी कोपऱ्यापर्यंत गेलो, तिथं जरा उभा राहिलो, आणि परत आलो.